दोन वीजतंत्री, दोन पगारपत्रके

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नागपूर आणि आसपासच्या वीजतंत्र्यांची आहेत. युनियन असलेल्या ठिकाणची नोकरी पगाराच्या हिशेबाने परवडते की नसलेल्या ठिकाणची, असे त्यांपैकी बहुतेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. पाच पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रांतील आकडे पत्रलेखकांनी कळवलेले आहेत. नावे आणि कारखाने वगळले आहेत.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नऊ वर्षांपासून कायम वीजतंत्री आहे. आमच्याकडे युनियन आहे व दर तीन वर्षांनी पगाराचा करार होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 24,000 रुपये व इतर भत्ते 6,000 रुपये मिळतात. कपात होऊन 26,820 रुपये हातात येतात. माझे साडभाऊ बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात आहेत तेथे युनियन नाही. तेथे मला 34,000 रुपये देऊ केले आहेत, त्यांत मूळ पगार 12,000 आणि विशेष भत्ते 22,000 आहेत. भविष्य निर्वाह निधी 15,000 रुपयांवर कापतात आणि 32,000 रुपये हातात येतील असे सांगतात. दिवाळीला आमच्याकडे करारानुसार 32,000 रुपये मिळतात, तेथे एक मूळ पगार देतात. महिन्याला वीसेक तास ओव्हरटाइम दोन्हीकडे असतो. आमच्याकडे तो दुप्पट दराने मिळतो, तेथे साध्या दराने. घरचे म्हणतात की पाच हजार जास्त मिळत असताना हिंगण्याला चिकटून राहण्यात अर्थ नाही. मी काय करावे?
— एक वाचक, जयताळा

उत्तर : आपण दोन्ही पगारपत्रकांची इतकी नीट माहिती कळवली आहे की उत्तर देण्याचे निम्मे काम आपणच केले आहे. आता घरच्यांचे ते ‘पाच हजार’ आधी तपासू.

हातात येणाऱ्या रकमेतील फरक 5,180 रुपये आहे. त्यांतले 1,080 रुपये तर आपलेच आहेत. हिंगण्याला आपला निधी 24,000 रुपयांवर 12 टक्के, म्हणजे 2,880 रुपये कापला जातो आणि बुटीबोरीला तो 15,000 रुपयांवर 1,800 रुपये कापला जाईल. ही रक्कम आज खिशात येत नाही, पण खात्यात व्याजासह साठते. तिला पगारवाढ म्हणता येणार नाही. आणखी शंभर रुपये युनियनच्या वर्गणीचे. म्हणजे खरी वाढ महिन्याला 4,000 रुपयांची, आणि वाचलेली वर्गणी धरली तर वर्षाला 49,200 रुपयांची आहे.

आता उलट बाजू पाहू. आपण जितका निधी भरता तितकाच मालकही भरतो. मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन योजनेकडे जाणारी 8.33 टक्के रक्कम 15,000 रुपयांच्या मर्यादेवरच मोजली जाते. ती दोन्हीकडे 1,250 रुपयेच राहील. त्यामुळे हिंगण्याचा मालक जे 1,080 रुपये जास्त भरतो ते सगळे आपल्या निधीच्या खात्यात पडतात. वर्षाचे झाले 12,960. दिवाळीच्या रकमेतील फरक 20,000.

ओव्हरटाइमकडे मात्र घरच्यांनी अजिबात पाहिलेले दिसत नाही. आपला आजचा तासाचा दर, 26 दिवस आणि आठ तास धरून, सुमारे 144 रुपये पडतो. दुप्पट झाला की 288. वीस तासांचे सुमारे 5,770 रुपये होतात. बुटीबोरीला तासाचा दर 163 रुपये पडेल, म्हणजे आपल्यापेक्षा चांगला, पण तो एकपट मिळणार असल्याने वीस तासांचे सुमारे 3,270 रुपयेच होतील. महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजारांचा फरक एवढ्या एका ओळीत आहे. येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या पत्रांतही ती येणार आहे. दुप्पट ओव्हरटाइम ही युनियनने मिळवून दिलेली खास सवलत नव्हे. कारखान्यातील कामगाराला जादा तासांचे दाम दुप्पट द्यावे असे कायदाच सांगतो आणि तो बुटीबोरीलाही लागू आहे. हिंगण्यात कोणीतरी दर महिन्याला तो तपासतो, बुटीबोरीत तपासणारे कोणी नाही. युनियनमुळे पगाराचा दर वाढतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ते काही प्रमाणात खरेही आहे. पण माझ्या पाहण्यात युनियनची जास्त किंमत दर ठरवण्यात नसून ठरलेले पैसे पदरात पाडून घेण्यात आहे.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाने होतो आणि महिन्याचे दिवस 26 धरले जातात. हिंगण्याला एका वर्षाचे 13,846 रुपये होतात. बुटीबोरीला मूळ पगार 12,000 दाखवला असला तरी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. तेथे आपले वेतन 17,000 रुपये धरले जाईल आणि वर्षाचे 9,808 रुपये होतील. फरक चार हजारांचा, तसा लहानच. मात्र ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात. आपण हिंगण्याला राहिलात तर पुढे होणारी प्रत्येक पगारवाढ मागच्या नऊ वर्षांनाही लागू पडते. सोडून गेलात तर ती नऊ वर्षे आजच्या दराने, सुमारे 1,24,600 रुपयांना, बंद होतात आणि नव्या ठिकाणी पाच वर्षांची अट पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

राहता राहिला प्रवास. जयताळ्याहून हिंगण्याचे कारखाने पाचेक किलोमीटरवर आहेत, आणि बुटीबोरीला जाऊन येण्यास पन्नासहून अधिक किलोमीटर पडतात. दुचाकीने गेल्यास पेट्रोलचा वाढीव खर्च महिन्याला सुमारे 2,400, वर्षाला 28,800 रुपये होईल. मे महिन्यातल्या दुपारी वर्धा रोडने घरी परतण्याची किंमत मी धरलेली नाही.

निधी, दिवाळी, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी आणि पेट्रोल मिळून वर्षाला सुमारे 95,760 रुपये आपण गमावता आणि 49,200 मिळवता. पाच हजारांची वाढ वाटत होती ती प्रत्यक्षात वर्षाला 46,000 हून अधिक रुपयांची घट आहे.

परंतु हा निकाल दोन गोष्टींवर उभा आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बुटीबोरीच्या कंपनीची बस आपल्या भागात येत असेल आणि आपणास ओव्हरटाइमची फारशी गरज नसेल, तर पेट्रोल व ओव्हरटाइम वजा होऊन उलट बाजूला 36,960 रुपयेच उरतात आणि नवी नोकरी बारा हजारांनी सरस ठरते. शिवाय युनियनच्या करारात वाढ बहुधा श्रेणी आणि सेवाज्येष्ठता पाहून मिळते. ज्याला पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा संगणकी नियंत्रक), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) आणि उच्च दाबाच्या पॅनेलचे काम उत्तम येते त्यालाही त्याच श्रेणीतील इतरांएवढेच मिळते. अशा हुशार माणसाला युनियन नसलेला कारखाना खरोखर जास्त देऊ शकतो आणि त्याने तेथे जाण्यात काही गैर नाही. आपण हे काम करत असाल तर 34,000 हा आकडा कमी आहे. करत नसाल तर तो मूळ पगार कमी ठेवून भत्त्यांनी फुगवलेला आकडा आहे.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती म्हणजे चालू कराराची मुदत. मुदत संपून नव्या मागणीपत्रावर बोलणी चालू असतील तर आजचे 30,000 हा जुना पगार आहे आणि त्याची 34,000 शी तुलनाच चुकीची ठरेल. करार होतो तेव्हा मागील तारखेपासूनची थकबाकीही मिळते. मात्र सहीच्या दिवशी जे हजेरीपटावर असतील त्यांनाच ती मिळेल अशी अट अनेक करारांत घातलेली असते. राजीनामा देण्यापूर्वी युनियनच्या कार्यालयात जाऊन जुन्या कराराची प्रत वाचा. बुटीबोरीच्या कंपनीला, नेमणूकपत्रात मूळ पगार किमान 20,000 आणि ओव्हरटाइम दुप्पट असे लिहून द्याल का, एवढेच विचारा. लिहून दिले तर जाण्याचा विचार करा.

प्रश्न : मी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीजकेंद्रात ठेकेदाराकडे सहा वर्षांपासून वीजतंत्री आहे. माझ्याबरोबर त्याच मोटरवर काम करणाऱ्या कायम तंत्रज्ञाला माझ्या दुपटीहून जास्त पगार आहे. दोन वर्षांपूर्वी मी कंत्राटी कामगारांच्या युनियनचा सभासद झालो, पण पगार तेवढाच आहे. निधीची कपात पगारपत्रकात दिसते. मोबाइलवर पासबुक पाहिले तर सात महिन्यांपासून काहीच जमा नाही. बँकेत पगार आला की ठेकेदाराचा माणूस दोन हजार रुपये परत मागतो. युनियनचा उपयोग काय?
— एक वाचक, खापरखेडा

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कायम तंत्रज्ञाएवढा पगार का नाही, हा पहिला. जो पगार ठरला आहे तोही पूर्ण का मिळत नाही, हा दुसरा. युनियनकडून पहिल्याची अपेक्षा धरून आपण निराश झाला आहात. दुसऱ्यासाठी मात्र आपण तिच्याकडे गेलेलेच दिसत नाही.

पहिल्याविषयी थोडक्यात. जून 2005 मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या कंपन्या झाल्या, तरी कायम कर्मचाऱ्यांची पगारवाढ आजही संघटनांशी होणाऱ्या बोलण्यांतून ठरते. जुलै 2024 मध्ये मूळ वेतनात 19 टक्के आणि भत्त्यांत 25 टक्के वाढ जाहीर झाली ती याच मार्गाने. तो करार कंपनी आणि तिच्या कर्मचाऱ्यांचा असतो. कागदोपत्री आपला मालक कंपनी नसून ठेकेदार आहे, म्हणून ती वाढ आपोआप आपल्याकडे येत नाही. समान कामास समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात उचलून धरले. पण मध्ये ठेकेदार असला की त्या तत्त्वाचा लाभ घेण्यासाठी आधी ठेकाच नावापुरता आहे हे सिद्ध करावे लागते आणि अशा दाव्यांत वर्षे जातात. दावा करू नका असे माझे म्हणणे नाही. त्याच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नका, एवढेच सांगतो.

दुसरा प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. आपले वेतन 14,000 रुपये धरले तर दरमहा आपले 1,680 आणि ठेकेदाराचे 1,680 असे 3,360 रुपये जमा व्हायला हवेत. सात महिन्यांचे 23,520 झाले. दरमहा परत दिलेल्या दोन हजारांचे त्याच काळातले 14,000. म्हणजे सात महिन्यांत 37,520 रुपये आपल्या हातून गेले आहेत. कायम तंत्रज्ञाच्या पगाराचा विचार बाजूला ठेवला तरी, नुसता आपला स्वतःचा पगार पूर्ण मिळाला तर महिन्याला 5,360 रुपयांचा फरक पडतो. कोणत्याही करारात एका वेळी एवढी वाढ क्वचितच मिळते.

कापलेला निधी न भरणे हा गुन्हा आहे आणि थकलेल्या रकमेवर मालकाला 12 टक्के दराने व्याज द्यावे लागते. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे आपल्या बाबतीत वीजकेंद्रावर, येते. विशेष भत्त्याकडेही लक्ष ठेवा : महाराष्ट्रात किमान वेतनावर महागाईनुसार मिळणारा विशेष भत्ता दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा बदलतो आणि ठेकेदार बहुधा जुन्याच दराने पगार देत राहतात. वेतन 21,000 रुपयांपर्यंत असल्याने कर्मचारी राज्य विमा योजनाही आपणास लागू आहे, आपले 0.75 टक्के आणि ठेकेदाराचे 3.25 टक्के तेथे जमा होतात का तेही पाहा, कारण ते भरले नसतील तर आजारपणात दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर कळते.

आता युनियनचा उपयोग. निधी कार्यालयाकडे आपण एकट्याने तक्रार केलीत तर दुसऱ्या दिवशी फाटकावर आपला पास चालेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. चाळीस जणांच्या पासबुकांच्या प्रती जोडून युनियनने तक्रार केली तर एकट्याचे नाव पुढे येत नाही. दोन हजार परत देण्याचा पुरावा हवा असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवून, पगाराच्या दिवशी खात्यातून काढलेल्या रकमांच्या नोंदी तीन महिने जपून ठेवाव्यात. आपली युनियन हे करत नसेल, तर मात्र तिच्या उपयोगाबद्दलचा आपला प्रश्न मलाही पडेल.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शिकागोजवळ राहतो. तो म्हणतो की तिकडे युनियनच्या इलेक्ट्रिशियनचा पगार ऐकून येथील इंजिनिअरलाही हेवा वाटेल. हे खरे आहे का? आणि असेल तर आपल्याकडे तसे का नाही?
— एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकी कामगार खात्याच्या आकड्यांनुसार 2024 साली पूर्णवेळ काम करणाऱ्या युनियन सभासदांची मध्यम (निम्म्यांना जिच्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळते अशी) साप्ताहिक कमाई 1,337 डॉलर आणि सभासद नसलेल्यांची 1,138 डॉलर होती. हे सर्व व्यवसायांचे मिळून आकडे आहेत. त्यामुळे या फरकाचे सगळे श्रेय युनियनला देता येत नाही. ज्या उद्योगांत आणि शहरांत पगार मुळातच जास्त आहेत तेथे युनियनही जास्त आहेत. इलेक्ट्रिशियनची, सभासद असोत वा नसोत, मध्यम वार्षिक कमाई मे 2024 मध्ये 62,350 डॉलर होती.

आपला भाचा ज्या इलेक्ट्रिशियनांविषयी सांगतो ते ज्या युनियनचे सभासद असण्याची शक्यता आहे ती, इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स, 1891 साली सेंट लुइस शहरात स्थापन झाली. बांधकामावरच्या तिच्या सभासदांचा करार एखाद्या कारखान्याशी होत नाही. त्या भागातील वीज ठेकेदारांच्या संघटनेशी होतो. ठेकेदाराला माणूस लागला की तो युनियनच्या कार्यालयाकडे मागणी करतो आणि तेथील यादीतून क्रमाने माणूस पाठवला जातो. आज या ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे. तासाचा दर तोच, निवृत्तिवेतनाचे आणि आरोग्य विम्याचे खाते तेच. तेथील वीजतंत्री आपला पगार सांगताना दोन आकडे सांगतो : हातात येणारा तासाचा दर, आणि ठेकेदार त्यावर निधींत जी रक्कम भरतो ती धरून होणारा एकूण दर. एका राष्ट्रीय निवृत्ती निधीत तर ठेकेदार एकूण मजुरीच्या 3 टक्के वेगळे भरतो आणि ते कामगाराच्या पगारातून कापले जात नाहीत. युनियन नसलेल्या ठेकेदाराकडे तासाचा दर कधीकधी जवळपास तेवढाच असतो. तफावत पडते ती या दुसऱ्या आकड्यात. जयताळ्याच्या वाचकाला मी जो हिशेब करून दाखवला तोच हा, फक्त डॉलरमध्ये.

या व्यवस्थेचा जाच भाचा सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. बांधकामे मंदावली की यादीतला माणूस घरी बसतो आणि त्या काळात तासाचा दर कितीही मोठा असला तरी त्याला शून्याने गुणायचे असते. उमेदवारीची सुमारे पाच वर्षे कमी दराने काढल्याशिवाय पूर्ण दरही मिळत नाही.

आपल्याकडे तसे का नाही, याचे उत्तर नागपूरच्या कळमना बाजारात मिळेल. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून हमालाला निधी, बोनस व रजेचे पैसे मिळतात. आज या अडत्याकडे आणि उद्या त्या अडत्याकडे काम केले म्हणून त्याचा हक्क तुटत नाही. मालक बदलत राहिला तरी कामगाराचे खाते एकच राहावे, ही कल्पना शिकागोत आहे तशी कळमन्यातही आहे. वीजतंत्र्याला तिचा लाभ मिळाला नाही, कारण आपल्याकडे त्याची युनियन कारखान्याच्या फाटकाआत जन्मली आणि फाटकाबाहेर पडली नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले ते दोन वर्षे आयटीआय केलेल्याला नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम पूर्ण करून बेसा परिसरातील फ्लॅट योजनांवर एका ठेकेदाराकडे पॉइंटच्या भावाने (दिवा, पंखा किंवा प्लगच्या प्रत्येक जागेमागे ठरलेल्या दराने) वायरिंग करतो. कधी महिन्याला पंचवीस हजार सुटतात, कधी आठ. अशा कामाला युनियन असते का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, पॉइंटच्या भावाने काम करणाऱ्यांच्या वतीने भाव ठरवणारी युनियन असली तरी समोर बसून करार करणारा मालक एक नसतो, म्हणून तिच्याकडून पगारवाढ मिळण्याची आशा धरू नये. त्याऐवजी दोन कामे करून घ्या.

इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी करा. वय 18 ते 60 असावे आणि मागील वर्षभरात बांधकामावर 90 दिवस काम केलेले असावे, अशी अट आहे. वायरिंगचे काम त्यात धरले जाते. बांधकामाच्या खर्चावर बिल्डरकडून 1 टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातूनच मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मृत्यूनंतरच्या मदतीपर्यंतच्या योजना चालतात. आपला मुलगा ज्या इमारतीत पाइप टाकतो तिचाही उपकर भरलेला असतो, पण लाभ नोंदणी केलेल्यालाच मिळतो. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून आताच घेऊन ठेवा. काम संपल्यावर तो फोन उचलत नाही.

दुसरे काम तारतंत्री परवान्याचे. परवाना नसलेल्याला पॉइंटचे पैसे मिळतात; महावितरणकडे नव्या जोडणीसाठी जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो त्यावरच्या सहीचे पैसे परवानाधारक ठेकेदाराला मिळतात. तारतंत्री, मग पर्यवेक्षक, मग ठेकेदार अशी ती वाट आहे. आठ हजारांचे महिने कमी करण्याचा याहून खात्रीचा उपाय मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यात तीन युनियन आहेत. करार एकीने केला, वाढ सगळ्यांना मिळाली. मी एकाचाही सभासद नाही, तरी थकबाकीतून पाच टक्के वर्गणी कापून घेण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला आहे. सही करणे बंधनकारक आहे का?
— एक वीजतंत्री, कळमेश्वर

उत्तर : नाही. आपल्या लेखी संमतीशिवाय पगारातून युनियनची वर्गणी कापता येत नाही आणि सही न केल्याने वाढही थांबवता येत नाही. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार कारखान्यातील सर्व कामगारांना, सभासद नसलेल्यांनाही, लागू होतो. मालक आणि एका युनियनने आपसात केलेला करार असेल तर तो त्यांच्यापुरताच असतो. आपला करार कोणत्या प्रकारचा आहे ते त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असेल.

कायद्याचे उत्तर येथे संपते. माझे मत विचाराल तर, वाढ घेऊन थकबाकीतल्या पाच टक्क्यांना नकार देणाऱ्याबद्दल मला फारसा आदर वाटत नाही. मात्र पाच टक्के कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरण्यासाठीच सभासद व्हावे. नोंदणीकृत युनियनचे हिशेबाचे पुस्तक आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदाला दिला. बाहेरच्याला तो नाही.

तीन युनियनची गोष्ट नागपूरकराला नवी वाटू नये. 1929 साली जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात भरले आणि कामगार नेते ना. म. जोशी व त्यांचे सहकारी तेथूनच वेगळे झाले. आता औद्योगिक संबंध संहितेनुसार हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे असतील तीच मालकाशी बोलणी करील. तेवढे कोणाकडेच नसतील तर 20 टक्क्यांवरच्या युनियनचे प्रतिनिधी एकत्र बसतील. आपल्यासारखे कोणाचेच सभासद नसलेले किती आहेत, यावर आपल्या कारखान्यात 51 टक्क्यांची युनियन होईल की नाही हे ठरणार आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी मागच्या करारातील पाच टक्क्यांचा हिशेब मागा, आणि तो दाखवला तर पावती घेऊन सही करा.